उलटे करकोचे

लढाई संपून काही वर्षं झाली होती. क्योटोतल्या आमच्या गल्लीतल्या न्हाणीघराच्या रांगेत भरतकाम करणाऱ्या तोकिएवहिनी आणि त्यांची शेजारीण मासू माझ्यापुढेच उभ्या होत्या.

"वहिनी, तुमचा तो करकोच्यांचा, लाकडी चौकटीचा घडीचा रेशमी पडदा खपला म्हणे?"

"खपला. अमेरिकन मडमेनं जेवणघरात उभा केलाय. उलटा."

"म्हणजे करकोच्यांचे पाय वर?"

"हो. म्हणते, पक्षी थेट ताटात झेप घेतल्यासारखे वाटतात."

"अहो, पण उलटा पडदा आपण मढ्याच्या उशाशी ठेवतो! सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! तर डोळे पुसत म्हणाली, किती सुंदर चाल आहे! मासिकात फोटोसुद्धा आला. आता तिच्या सगळ्या मैत्रिणींना उलटाच पडदा हवाय."

"मग करकोचेच उलटे भरा. त्यांनी पडदा उलटा केला, की आपोआप सुलटे."

"तेही करून पाहिलं. मेल्यांनी तो पडदा नेमका सुलटा ठेवला."

"अगं बाई! सासरे काय म्हणतात?"

"ते अंथरुणाला खिळलेत. काल जवळ बोलावून म्हणाले, सूनबाई, मी गेलो की उशाशी पडदा सुलटाच ठेव. उलटा ठेवलास, तर आलेली माणसं जेवायला बसतील."