अर्धा कोयता

न्हाई न्हाई मॅडम, चपला हितंच काढा – कुनी न्हेनार न्हाई, त्यासाठीच तर मी बसलोय. पगार? पगार न्हाई हो, मान हाय. आत शिलाई शिकवती ना, ती चांगुणा, ती आमची मंडळी. तुमच्या संस्थेनं मशिनी दिल्या तवा गाव हसलं – ऊस तोडनाऱ्या बाया काय शिवनार म्हनून. आता त्याच बाया शाळेचे गणवेश शिवून पाथर्डीला धाडत्यात, आन हसनारे त्यांना चहा पाजत्यात. बरं झालं. वाईट कोन म्हनंल?

तर लग्न झाल्यापास्नं आमी दोघं दर साली श्रीगोंद्याकडं उसाला. आमच्यात कोयता म्हंजी नुसतं हत्यार न्हाई मॅडम, नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता – मी तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. एकटा मानूस अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत न्हाई. ती मशीनवर बसली आन मी अर्धा झालो. तुमच्या अहवालात तिचा फोटो हाय म्हनं – उरलेल्या अर्ध्याचं काय लिव्हता? न्हाई, सहज विचारलं. मुकादमानंच यंदा मार्ग काढला – माझी चुलत बहीण राहीबाई, तिचा मालक वारला, ती बी अर्धीच. दोन अर्धे जोडले. तो काय ट्रक, पाराजवळ उभा हाय, आता निघंल. मी अजून व्हय म्हनलो न्हाई. परवा चांगुणाच्या कानावर घातलं. वाटलं, म्हनंल – कशाला जाता, हितं काय कमी हाय? ती म्हनली, "बरं." आन गेली मशीनवर. तवापास्नं बसलोय. येक शब्द म्हनली तरी – तसं माझं काय अडलं न्हाई.

थांबा, आलीच. काय गं? – हे काय, शर्ट? माझा?

गेली बी आत. बघा मॅडम, माप न घेता शिवलाय, बरोबर बसतोय. बाह्या बघा – पार बोटांवर येत्यात. उसाच्या पाचटानं हात कापत्यात, तिला ठावं हाय. गळा बी बंद केलाय, कुसळ आत जाऊ नये म्हनून. लई इचार केलाय.

हितं सावलीत बसायला एवढ्या लांब बाह्या लागत न्हाईत.

हॉर्न झाला. जा तुमी, काढा फोटो. चपला तेवढ्या आत घिऊन जा.