मोहाच्या झाडावरून पडलेली

आलापल्लीत सागाचं पान गळलं तर गडचिरोलीत दचकतील, असे वामनरावांचे कान. दवाखान्याच्या रांगेत ते तपासणीच्या खोलीच्या पातळ पडद्याला टेकूनच बसले होते.

"हात कसा मोडला, करिश्मा?" नर्स संघप्रियानं विचारलं.

"मोहफुलं तोडाले झाडावर चढली, पडली," नवराच बोलला.

"भाऊ, मोहफुलं तर खाली पडलेली वेचतात. तुम्ही कुठचे?"

"कोरपन्याचा. लवकर करा, बस जाऊन राह्यली."

"जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा."

"काऊन? बायको माही हाय!"

"हात तिचा हाय. आमच्या ट्रेनिंगात हेच शिकवलं, बाईले एकटीले विचाराचं. निघा."

चपला फटफटत बाहेर गेल्या.

"आता सांग बाई, घरी भेव वाटते का?"

"आधी माही पोरगी त्या घरातून आणा. मंग सांगीन."