ताईंच्या माघारी लागलेला तंबू

मंडळी, या. दारात उभे आहात ते आत या, इकडे पुढे सतरंजीवर जागा आहे. एवढी माणसं येतील असं मंडळाच्या लोकांना वाटलं नव्हतं, म्हणून खुर्च्या कमी पडल्या. मला मात्र वाटलं होतं.

बोलायला उभा राहिलोय खरा, पण कुठून सुरू करावं ते कळत नाही. फोटोकडे बघून बोलायची मला सवय नाही. कुमुदताईंशी मी समोरासमोर बोलत आलो, आणि खरं सांगायचं तर बोललो कमी, भांडलो जास्त. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी वसंत. फ्रीगंजात राहतो, बँकेतून रिटायर झालो. पर्वस्नानाच्या दिवशी रामघाटावर ताईंचा जो तंबू लागतो, हरवलेल्या माणसांचा, तिथे खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे होतं. आणि ताईंना विरोध करायचंही.

आधीच्या वक्त्यांनी ताईंना माउली म्हटलं, शांतमूर्ती म्हटलं. मंडळी, शांतमूर्ती? आपल्या ताई? मराठी घरातली बाई, उभा जन्म मुलींच्या शाळेत हिंदी शिकवली, आणि उज्जैनच्या अस्सल हिंदीवाल्यांच्या हिंदीत चुका काढायची. ऑटोवाला भाडं सांगायचा तर ह्या आधी त्याचं लिंग-वचन सुधारायच्या आणि मग भाडं कमी करायला लावायच्या. मला ती बाई सांगायची आहे. फोटोतली ही हार घातलेली बाई मी ओळखत नाही.

हा तंबू सुरू कसा झाला ते पुष्कळांना ठाऊक नाही. एका चुकीतून सुरू झाला.

ताई नुकत्या रिटायर झाल्या होत्या. अमावस्येचं स्नान होतं, घाटावर ही भीड. एक खेड्यातली म्हातारी, ओलं लुगडं, पायरीवर बसून रडत होती. घरचे सुटले होते. ताईंनी तिला हाताला धरून जवळच्या एका भंडाऱ्याच्या मांडवात नेलं आणि तिथला माईक मागून घेतला. नाव विचारलं, तिने गेंदाबाई सांगितलं. गाव विचारलं, तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर पदर तोंडाला. झालं. ताईंनी आपल्या त्या शुद्ध, धुतलेल्या हिंदीत पुकारा सुरू केला. कृपया ध्यान दीजिए, अमुक गाँव की श्रीमती गेंदाबाई यहाँ विराजमान हैं.

दुपार झाली, कोणी येईना. ताई बोलत राहिल्या, घसा बसला. शेवटी ती म्हातारीच परेशान झाली. तिने ताईंच्या हातातून माईक ओढून घेतला आणि मुलाला हाक मारली. घरात मारायची तशी, घरातल्या नावाने. मुलगा कुठे होता? शेजारच्याच मांडवात, पुरी खात. सगळा पुकारा त्याने ऐकला होता. ऐकून घरातल्यांना म्हणालाही होता, बघा, कोणाची तरी म्हातारी हरवली, बिचारी.

का? तर गाव विचारल्यावर म्हातारीने माहेरचं गाव सांगितलं होतं. बाईला कोणी गाव विचारलं तर ती माहेरचंच सांगणार ना? सासरचं कशाला सांगेल? आणि गेंदाबाया काय, गावोगाव असतात. जन्मभर मुलींना शिकवलेल्या बाईला हे सुचलं नाही. ताई स्वतः हे हसून सांगायच्या. म्हणायच्या, वसंतराव, मी तिची ओळख करून देत होते, आणि तिला ओळख नको होती, तिला मुलगा हवा होता.

त्या दिवशी नियम ठरला. हरवलेल्याबद्दल आपण बोलायचं नाही. माईक त्याच्या हातात द्यायचा. घरचे नाव विसरतील, गाव चुकेल, आवाज चुकणार नाही.

मला हा नियम पटायचा नाही, उघड सांगतो. मी बँकेतला माणूस. मला रांग पाहिजे, टोकन पाहिजे. माईकवर कोणी रडतंय, कोणी भजन म्हणतंय, कोणी बायकोला शिव्या देतंय, हे काय चाललंय? मी म्हणायचो, ताई, हा तंबू आहे की तमाशा? त्या म्हणायच्या, वसंतराव, तुम्ही खुर्च्या बघा. आणि खुर्च्यांच्या बाबतीत मी बरोबर होतो हे त्यांना शेवटपर्यंत मान्य करावं लागलं. त्या सतरंज्या घाला म्हणत होत्या. सतरंजीवरून म्हातारी माणसं उठणार कशी?

आणि ही मुलं. समोर बसली आहेत बघा. ह्यांतली बरीचशी पहिल्यांदा आली ती सर्टिफिकेटसाठी. कॉलेजात लागतं, समाजसेवा केल्याचं. मला त्यांचा राग यायचा. ताईंना नाही यायचा. म्हणायच्या, येऊ देत की, कागदासाठी का होईना, आलीत ना? मग त्यांना उन्हात उभं करायच्या, पाणी वाटायला लावायच्या, चपला शोधायला पाठवायच्या. पुढच्या पर्वाला निम्मी गळायची. जी उरायची ती कागद न्यायला विसरायची.

अदिती त्यांतलीच. अदिती, उभी नको राहू, बसून राहा. ही पोरगी मराठीच आहे पण भांडते हिंदीत. आणि मोठी माणसंही आली. रेल्वेतून निवृत्त झालेले, शाळेतल्या बाई, देवास गेटचे दुकानदार. एरवी ज्यांचं घरी कोणी ऐकत नाही असे आम्ही सगळे. ताईंनी कोणालाच वयावरून काम दिलं नाही. मला वीस वर्षांची पोरगी सांगायची, काका, वो वाली कुर्सी इधर. आणि मी ठेवायचो.

तर मंडळी, ताई गुरुवारी गेल्या. आणि सोमवारी सोमवती अमावस्या होती.

तेव्हा प्रश्न एकच होता. तंबू लागणार की नाही? दुःख तर होतंच, पण भीतीही होती. कारण सगळे जाणून होते, एकदा तंबू चुकला की पुढच्या पर्वाला ती जागा दुसऱ्या कोणाची होते. आणि ताईंशिवाय तंबू चालतो का, हे आम्हालाच माहीत नव्हतं. कधी चालवलाच नव्हता.

शनिवारी याच सभागृहात आम्ही मोठी माणसं जमलो. कोणीतरी म्हणालं, नाव घेत नाही, समोरच बसलेत, की यंदा राहू द्या, ताईंच्या घरी सुतक आहे, बरं दिसत नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी बोलणार तेवढ्यात दारातून अदिती म्हणाली, काका, खोने वाले सूतक देख के खोएँगे क्या? आणि निघून गेली. ही मुलं तंबूवाल्याला सांगून आलेली होती. आमची मीटिंग चालू होती आणि निर्णय होऊनही गेला होता. आपल्याकडे मीटिंगांचं असंच होतं.

सोमवारी पहाटे तंबू लागला. ताईंचा मुलगा निखिल सुतकामुळे नदीत उतरणार नव्हता, पण येऊन बाजूला उभा राहिला. येताना ताईंचं जाकीट घेऊन आला होता. ते हिरवं, पाठीवर ‘सेवक’ लिहिलेलं. आमची सगळ्यांची तशीच आहेत, पण ताईंचं विटून विटून वेगळं दिसायचं. निखिलने ते घडी करून त्यांच्या खुर्चीवर ठेवलं. सकाळभर त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. जागा अपुरी होती, माणसं उभी होती, तरी नाही. मीच बसू दिलं नाही.

काम सुरू झालं. मुलं माईक देत होती, माणसं हाका मारत होती, घरचे सापडत होते. ठीक चाललं होतं. आणि मग एक म्हातारबाबा आणला कोणीतरी. पांढरा साफा, हातात काठी, ताठ. अदितीने माईक पुढे केला. बाबा म्हणाला, हूँ नी गुम्यो.

मतलब, मी हरवलोच नाही. मग कोण हरवलं? म्हणाला, वी लोग गुमी ग्या. घरचे सगळे हरवले, मी आहे तिथेच आहे.

मंडळी, असा माणूस आमच्याकडे कधी आला नव्हता. लाज वाटत होती हो त्याला. गावात चार माणसं ज्याला विचारून चालतात, तो इथे हरवलेल्यांच्या रांगेत बसेल का? मुलांनी पाणी दिलं, नाही घेतलं. खुर्ची दिली, नाही बसला. माईक हातात घेईना. ऊन चढलं. आता तो सगळा भार काठीवर टाकून उभा होता. मला एकच वाटलं. आज ताई असत्या तर. सगळ्यांनाच ते वाटत होतं. आणि मनात म्हटलं, संपलं. इथे येऊन अडलं ते अडलंच. तंबू ताईंचा होता, त्यांच्याबरोबर गेला.

 अदिती वळली, ताईंच्या खुर्चीपाशी गेली, जाकीट उचललं आणि त्या बाबाच्या समोर धरलं. म्हणाली, बा साब, आप सही बोल रहे हो. खोए तो वो लोग हैं. तो आप इधर आ जाओ, ढूँढने वालों में. ये पहन लो.

माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, मी पुढे झालो ते जाकीट हिसकावून घ्यायलाच. एका अनोळखी माणसाच्या अंगावर, ताईंचं? निखिलने माझा दंड धरला. तो रडत होता आणि हसतही होता. म्हणाला, काका, आई असती ना, तर तिने हे कधीच केलं नसतं. ते जाकीट ती मला सुद्धा घालू देत नव्हती.

बाबाने जाकीट घातलं. साफ्यावर हात फिरवला. माईक हातात घेतला, गावातली पंचायत सुरू करावी तसा खाकरला, आणि सगळ्या घाटाला सांगितलं, म्हारा घर का लोग गुमी ग्या है. जिनके मिले, यां लई आओ. ज्याला सापडतील त्याने इकडे आणा. आणि मग एकेकाचं नाव. मुलगा, सून, नातवंडं, सगळ्यांची. कोण कुठे चुकू शकतं, कोण किती वेंधळं, ते सुद्धा. घाट हसत होता. पलीकडच्या काठावरून लोक हात करत होते.

ते आले की. धावत आले, घामाघूम, सून रडत होती. बाबाने त्यांना माईक बंद न करता विचारलं, कां चल्या ग्या था रे? कुठे गेला होतात? आणि त्या मुलाने, चाळिशीच्या माणसाने, मान खाली घालून सांगितलं, चूक झाली, पुन्हा नाही हरवणार.

मग बाबा घरी गेला का? नाही गेला. सुनेने ओढलं, तरी नाही. म्हणाला, ड्युटी है. ऊन उतरेपर्यंत माईकपाशी उभा होता. जी माणसं आमच्या मुलांकडे बघून लाजत होती, ती त्याच्याकडे बघून बोलायला लागली. माळव्यातल्या माणसाला माळव्यातला माणूस हाक मार म्हणत होता. जाताना त्याने जाकीट काढलं, घडी केली, आणि दोन्ही हातांनी अदितीला दिलं.

मंडळी, हे ताईंनी शिकवलेलं नव्हतं. हे मी आज मुद्दाम सांगतोय. त्यांनी शिकवलं की हरवलेल्याच्या हाती माईक द्या. ह्या पोरीने त्याला शोधणारा केला. ताईंच्या डोक्यात हे आलं नसतं. आणि मला त्या दिवशी संध्याकाळी फार वाईट वाटलं ते याचंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं असं काही होतं, जे त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. मी सवयीने खिशातून फोन काढला. त्यांचा नंबर लावणार होतो.

म्हणून मला आज रडू येत असलं तरी मी हरलेल्या माणसासारखा इथून जाणार नाही. बाई जिंकली हो. शिकवलेलं पोरांनी पुन्हा केलं तर ती पाठांतराची परीक्षा झाली. पोरं पुढे गेली, तर शिक्षिका जिंकली. अशी जिंकलेली किती माणसं आपण पाहिली?

मंडळाने मला विचारलं आहे, की आता तंबूचं प्रमुख कोणी व्हायचं, वसंतराव, तुम्ही ज्येष्ठ आहात. मी आभारी आहे. मी नाही होणार. तंबू अदिती चालवेल, तिच्याबरोबर ही मुलं चालवतील. मी तिला विरोध करीन, ते काम मला येतं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या अमावस्येला पहाटे घाटावर यावं आणि पाणी वाटता वाटता मला सांगावं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं गप्प राहू. त्याआधी मला त्यांना थोडं सांगायचं आहे.

ताई, तुम्ही शांत झोपा असं मी म्हणणार नाही, तुमच्याने ते व्हायचं नाही. सोमवारचा हिशोब सांगायचा राहिला होता, तो देतो. तंबू लागला होता. संध्याकाळी दोऱ्या सोडल्या तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तुमचीसुद्धा. जाकीट उचललं गेल्यावर तिच्यावर आम्ही एका थकलेल्या आजीला बसवलं होतं, आणि तिलाही घरचे येऊन घेऊन गेले.

नमस्कार, ताई.