जगतापांच्या बॉनेटवरचं स्वस्तिक

हसाल तुम्ही, पण शेजारच्या जगतापभाऊंची गाडी चकाकली की माझ्या पोटात दुखतं. एकदा तरी आमची गाडी वरचढ ठरावी, एवढंच मागणं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ सकाळपासून पॉलिश घासून वर मेण चढवत होते. मी भाजीची पिशवी घेऊन उगाच गाडीभोवती फिरले, उन्हात वाकून बघितलं.

"काय शोधताय वहिनी?"

"ओरखडे."

"सापडायचे नाहीत. फडकं गोल फिरवलं की ओरखडेही गोल उमटतात. मी सरळ पुसतो."

शेजारीच आमची गाडी, ह्यांच्या जुन्या बनियनने गोल गोल पुसलेली.

दसऱ्याला दोन्ही गाड्यांची पूजा. जगतापवहिनींनी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर मेणामुळे त्याचे थेंब होऊन पार नंबरप्लेटपर्यंत ओघळले. पुन्हा काढलं, पुन्हा ओघळलं.

"अहो, देवाचं तरी चिकटू द्यायचं होतं!" वहिनी भाऊंवर खेकसल्या.

मी आमच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. ते जागचं हललं नाही.

"आमची बाई साधी गाडी," मी मोठ्याने म्हटलं, "देवाला सोडत नाही." त्या दिवशी श्रीखंड काय लागलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी भाऊंनी नुसतं फडकं फिरवलं, तर गाडी पुन्हा आरशासारखी. आमच्या स्वस्तिकाला मी साबण लावला, खोबरेल चोळलं, पण डाग ढिम्म हलेना.

आमचे हे गॅलरीतून म्हणाले, "राहू दे गं. त्या गाडीवर बघण्यासारखं तेवढंच आहे."