विलायतेचे उकिरडे

आमच्या विलासचं लग्न मोडता मोडता कसं जमलं, ते सांगते. विलास म्हंजे माझ्या थोरल्या भावाचा पोरगा, विलायतेला शिकत हुता. सुट्टीला आला तवा आमी आष्ट्याला पोरगी बघाय गेलो. आदल्या एका घरनं नकार आलेला, म्हणून माझ्या वहिनीचा जीव टांगणीला लागलेला.

पोरीचा बाप पलटणीतला रिटायर सुभेदार. त्यानं इचारलं, "तिकडं काय करतासा?"

"जमीन खणतो," विलास म्हणाला.

"हिरीसाठी?"

"न्हाई, तिथं जुनं उकिरडं असत्यात. गोऱ्या लोकांचं, तीनशे वर्सांमागचं."

वहिनीनं डोळं मिटून घेतलं. सुभेदारानं कप खाली ठेवला. "उकिरडं फुंकायला विलायत कशाला पायजे? आमच्या आष्ट्यात काय कमी हायत?"

विलासला राग न्हाई आला. तो म्हणाला, "मामा, राजांचं समदं लिहून ठेवलंय. गरिबाच्या घरात काय शिजत हुतं, ते कुणी लिहिलं न्हाई. ते आमाला फुटक्या ताटल्यांवरनं आन् चघळलेल्या हाडांवरनं कळतं."

सुभेदारानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मी पदर सावरून उठायच्या बेतात हुते, तवर दाराआडनं पोरगीच बोलली, "ताटली हातनं निसटली का रागानं आपटली, ते बी कळतं व्हय?"

विलासनं जरा इचार केला. "न्हाई. ते न्हाई कळत."

"मग आबा, मला पसंत हाय," ती म्हणाली.