बाविसावा कागद

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे यजमान आणि कन्या, आणि पाणीपुरवठा केंद्रातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी पंप चालवणारा माणूस. जन्मभर पंपाच्या घरघरीवर ओरडून बोललो, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

बाईंच्या कामाबद्दल साहेब बोललेच. या शहरानं प्यायलेला प्रत्येक घोट आधी बाईंच्या नजरेखालून गेला. मी बोलणार आहे दंगलीच्या दिवसांबद्दल. नव्या मंडळींना ते ठाऊक नाहीत आणि जुनी मंडळी विषय काढत नाहीत.

शहर पेटलं तेव्हा पाळीवर आम्ही अकरा जण होतो. फाटकावर बंदूकवाले बसले. हुकूम आला, पाणी बंद पडता कामा नये. आत आहेत त्यांनी आतच राहायचं. दोन दिवस म्हणाले होते, एकेचाळीस झाले. फोन बंद. माझी बायको पहिलटकरीण, आठवा महिना. खिडकीतून दिसायचा तो फक्त पहारा. चहाच्या कपावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायची.

पाण्याचे नमुने तपासून झाले की बाई दुपारी एक फिल्टर पेपर घ्यायच्या, तो गोल, पांढरा कागद, आणि पेन्सिलीनं एकेकाचा चेहरा काढायच्या. आमचे फिटर, त्यांना सगळे दादा म्हणायचे, ते म्हणाले, "बाई, नाक जरा लहान करा हो!"

"आहे तेच काढणार. हलू नका."

तेवढा वेळ कुणी भांडत नसे.

तेराव्या दिवशी फाटकाबाहेर मोठी पाइपलाइन फुटली. दादा दुरुस्तीला गेले. परत आले नाहीत.

यानंतरचं सांगणं अवघड आहे. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानं मला बोलावलं. "आत काय चालतं ते सांग, तुला घरी सोडतो." सांगण्यासारखं होतं काय? मी म्हणालो, "बाई चित्रं काढतात."

"कसली? केंद्राची?"

चेहऱ्यांची, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "कल्पना नाही, साहेब."

त्यांनी बाईंचं कपाट फोडलं, सगळे कागद अंगणात जाळले. दादांचा चेहराही त्यातच गेला. आणि मला घरी सोडलं का? छे!

दुसऱ्या दुपारी बाईंनी नवा कागद घेतला आणि मला म्हणाल्या, "बसा." मी म्हटलं, "माझं नको." "बसा हो. आणि खाली बघू नका, डोळे दिसत नाहीत." मंडळी, त्या वीस मिनिटांइतका मी कधीच कोंडला गेलो नाही.

मग त्यांनी दादांना आठवून काढायला घेतलं. रोज एक कागद. जमेना. भुवई कशी होती, विचारायच्या; आमच्यातच वाद व्हायचे. बिघडलेला कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करायच्या, झडतीत सापडू नये म्हणून. असे एकवीस गेले. बाविसावा पाहून आमचा वायरमन ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. प्रयोगशाळेतल्या कोटाच्या दुमडीत शिवून बाईंनी तो कागद बाहेर नेला. वहिनींपाशी, म्हणजे दादांच्या बायकोपाशी, त्यांचा एकही फोटो नाही. घर जळालं होतं. तो कागद आजही त्यांच्या भिंतीवर आहे.

मी घरी पोचलो तेव्हा माझी मुलगी बारा दिवसांची झाली होती.

कुणी सांगितलं, हे बाईंनी कधी विचारलं नाही. मीही बोललो नाही. सव्वीस वर्षं याच आवारात रोज "नमस्कार बाई" म्हणत आलो. फाटक उघडलं ते बाकीच्यांसाठी.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलंय, आवरतो. संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. इतकी वर्षं न बोलण्यात जे झालं, त्याची माफी मी एकट्या बाईंकडे मागतो. त्यांनी ती द्यायलाच हवी, असं नाही.

नमस्कार.