थंड इंजिन दाखवा!

...आणि वर तो इंजिनाच्या दुकानातला मलाच विचारतो, "आजी, बरोबर पुरुष माणूस कोणी नाही का?" अहो, मी इंजिन घ्यायला आलेय की सोयरीक जुळवायला? बिबवेवाडीत तीस वर्षं डिझेलवर पिठाची गिरणी चालवली मी! शाळा चौथीपर्यंत, पण इंजिन कुठे ठोकतंय ते भाकरी थापता थापता आतल्या खोलीतून सांगायची!

तर तुम्हाला सांगते, दिवेघाटापलीकडे माझी सीताफळाची बाग आहे. बाग खाली, डांबरी रस्ता वर, मधे नुसते दगड आणि चढ. फळाने डोळे उघडले, म्हणजे पिकायला आलं, की दोन दिवसांत वर यायला हवं, नाहीतर जागेवर फुटतं. आमचे चिरंजीव अभय, हिंजवडीत कॉम्प्युटरवाले, म्हणाले, "आई, या हंगामाला माल वेळेत वर आला नाही, तर जमीन विकायची. प्रॉमिस?" दिला मी शब्द. जीभ काय, सैल! मग गॅरेजवाल्या मकसूदने जुन्या जीपची चेसी कापून छोटी गाडी बांधली, मागे क्रेट ठेवायला हौदा. इंजिन तेवढं बाकी.

अभयने केला बाजारातल्या इंजिनांचा तक्ता. हॉर्सपॉवरला तीस मार्क, मायलेजला वीस, दिसण्याला दहा... दिसण्याला! बॉनेटखाली बसणाऱ्या इंजिनाला! तीन सिलिंडरवालं पहिलं आलं, सत्त्याऐंशी मार्कांनी. म्हटलं, "बाबा, कागदाला चढ नसतो." तर म्हणे, "आई, डेटा आहे तो!" बरं.

गेले एकटीच नाना पेठेत, इंजिनाच्या दुकानात. तिथला तो टायवाला म्हणतो, "बटण दाबायचं, आजी, की स्टार्ट!" त्याने बटण दाबायच्या आधीच मी त्या तीन सिलिंडरवाल्याच्या हेडवर हात ठेवला. गरम! चहा ठेवला असता तर उकळला असता! आता गरम इंजिन काय, फुंकर मारली तरी सुरू होईल. पहाटे बागेत गारठलेलं सुरू झालं पाहिजे की नको? म्हटलं, "थंड दाखवा." तर माहितीपत्रक पुढे करतो, "हे बघा, कोल्ड स्टार्ट एक्सलंट!" अहो, कागदाला चढ नसतो, आणि थंडीही वाजत नाही!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. शटर वर, माझा हात हेडवर... पुन्हा गरम! मागच्या दाराने येऊन चालवून ठेवलेलं मेल्यानं! मग मीही स्टूल ओढलं. "थंड होईपर्यंत बसते." येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आधी हात लावून बघा हं." तिसरं गिऱ्हाईक माघारी फिरलं तेव्हा टायवाला म्हणाला, "आजी, पाणी घेणार का?" म्हटलं, "इंजिनावर ओता."

दुपारी एकदाचं गार झालं. दाबलं बटण. खर्र... खर्र... "बॅटरी वीक आहे." आणली दुसरी. खर्र... "क्लायमेटचा प्रॉब्लेम आहे." क्लायमेट! नाना पेठेत!

कोपऱ्यात एक सिलिंडरवालं लहानसं इंजिन होतं, धूळ खात, बर्फासारखं गार. गेले, वरची दाब सोडायची खिटी उचलली, हँडल चार वेळा गरगर फिरवलं, खिटी सोडली... धक्‌, धक्‌, धक्‌! अख्ख्या दुकानाने मान वळवली. टायवाला म्हणाला, "अहो, पण ते पाण्याच्या पंपाचं आहे!" म्हटलं, "त्याला माहीत आहे का ते?"

अभयने तक्ता माझ्या नाकापुढे धरला. तक्त्यात ते सातवं होतं. मकसूदने बसवलं, म्हणाला, "मावशी, ते तीनवालं बसवलं असतं तर चेसी वाकली असती." बघा! वजनाला रकानाच नव्हता!

हंगाम आला. पहाटे साडेपाच, तीस क्रेट, पहिला गिअर. वेग विचारू नका, शेजारच्या गेनबाची म्हैस पुढे निघून गेली, वर मान वळवून बघत गेली. पण चढली हो गाडी! एक फळ फुटलं नाही, आणि जमीन विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

आता अभय दर रविवारी मित्रांना बाग दाखवायला घेऊन येतो. परवा नवा तक्ता काढला. थंड स्टार्टला चाळीस मार्क, वजनाला वीस, दिसणं रद्द. माझं इंजिन पहिलं! मित्रांना म्हणतो, "बघा, ॲनालिसिस केलं की असं अचूक निघतं!"

कागदाला चढ नसतो, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. म्हटलं, "हो रे बाबा, तुझा कॉम्प्युटर हुशार." ते चौघे गाडीत बसले होते. पण त्यांच्यात कोणाला हँडल मारता येतं? गेले पुढे, पदर खोचला, आणि मारलं.